फिश टँकला काचेचं झाकण करून घ्यायचंय? आधी माप, मग काचवाला

टँक घेताना सगळं मिळतं, खाली स्टँड मिळतो, रंगीत खडे मिळतात, बुडबुडे सोडत उघडझाप करणारी ती खजिन्याची पेटी पण मिळते, झाकण तेवढं मिळत नाही. मिळालंच तर ते काळं प्लॅस्टिकचं हूड, ज्याची क्लिप पहिल्यांदा तुटते आणि मग लाईट. आणि टँक लोकल बनवून घेतलेला असेल, २४ बाय १२ किंवा ३६ बाय १५ वगैरे, तर हूडचाही प्रश्न नाही, वरून सगळं उघडंच. मग लोक प्लायवूड ठेवतात, थर्माकोल ठेवतात, जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठेवतात, एका घरी मी चक्क पोळपाट ठेवलेला बघितलाय. या सगळ्यापेक्षा काचेचं झाकण करून घेणं सोपं आहे आणि खर्चही फार नाही, फक्त त्यासाठी ॲक्वेरियमच्या दुकानात नाही तर काचवाल्याकडे जायचं, आणि जायच्या आधी घरी शांतपणे माप घ्यायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. झाकण ही रोज उघडायची वस्तू आहे. खाणं टाकताना एका हातात डबा असतो, म्हणजे झाकण उरलेल्या एका हाताने उघडलं पाहिजे. जे झाकण दोन्ही हातांनी उचलून सोफ्यावर ठेवावं लागतं, वरून पाणी ठिबकतंय, आई ओरडतीये, ते झाकण महिन्याभरात सोफ्याच्या मागे कायमचं जाऊन बसतं. म्हणून टँकच्या मापाची एक अख्खी काच कापून आणायचा विचार डोक्यातून काढा. तुकड्यात करायचं.

आता झाकण लागतंच का, तर मासे कुठले आहेत त्यावर आहे. उडी मारणारा मासा म्हटलं की लोकांना फक्त अरोवाना आठवतो, पण फायटर, झेब्रा, हॅचेटफिश, किलीफिश, सगळे उडी मारतात, आणि नवीन आणलेला मासा तर पहिल्या काही रात्रीच बाहेर जायची शक्यता जास्त असते कारण जागा नवीन, जुने मासे मागे लागलेले, आणि त्यात आपण लाईट धाडकन बंद करतो. ईल आणि लोच तर शोधून शोधून वायर जाते त्या फटीतूनही निघतात. गोल्डफिशवाल्यांना एवढी भीती नसते, पण त्यांच्याकडे पालीचा प्रश्न असतोच. टँकच्या लाईटवर संध्याकाळी किडे येतात, किड्यांमागे पाल येते, आणि ओल्या काचेवरून पाय घसरला की ती आत. झुरळाचंही तसंच.

दुसरं कारण पाणी उडणं. पुण्यात मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की उघड्या टँकची लेव्हल दिवसागणिक खाली गेलेली दिसते, आणि गुरुवारी नेमकं पाणी बंद असतं तेव्हा तर फिल्टर घरघर करायला लागतो. पण खरी गोम वेगळी आहे, उडतं ते नुसतं पाणी, त्यातले क्षार टँकमध्येच राहतात, आणि आपण वरून परत क्षारवालं पाणी ओततो. खडकवासल्याचं कॉर्पोरेशनचं पाणी मऊ आहे त्यामुळे पेठांत, कोथरूडला वगैरे हे लवकर कळत नाही, पण बाहेरच्या भागात जिथे सोसायट्या टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालतात तिथे काही महिन्यांत काचेवर पांढरी रेघ आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, वाढलेला आकडा दिसणारच. वरून पाणी घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हे झाकण असो नसो लक्षात ठेवा.

आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा कधीकधी १० च्या खाली जातो, तेव्हा टँकची उष्णता सगळ्यात जास्त वरूनच जाते, बाष्पीभवनातून. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं, म्हणजे हीटर तेवढा जास्त चालणार. झाकण ठेवलं की हीटर कमी वेळा लागतो हे लाल दिव्याकडे बघूनही कळतं. फायटर आणि गुरामीला तर झाकणाचा अजून एक फायदा, हे मासे वर येऊन तोंडाने हवा घेतात आणि थंडीत पाण्यावरची हवा कोमट दमट राहिली तर त्यांना बरं पडतं. पाणी आणि काच यात इंचभर तरी जागा सोडा म्हणजे झालं.

काच ठेवली तर मासे गुदमरतील का, असं घरातलं कोणीतरी विचारतंच. नाही गुदमरत. हे काही हवाबंद झाकण नाही, मागे फट असते, कडेला फट असते. ऑक्सिजन पाण्यात जातो तो पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिल्यामुळे, फिल्टरचं तोंड वरच्या बाजूला असू द्या आणि विषय सोडून द्या.

काचच का, ॲक्रिलिक का नाही? कारण ॲक्रिलिक वाकतं. खालून सतत ओलं आणि वरून कोरडं, की शीट ओलावा धरते, फुगते आणि तिला बाक येतो, २-३ एमएमची शीट तर काही दिवसांतच वाकडी होते आणि मग कोपऱ्यातून फट पडते. दिसायला पहिल्या दिवशी एकदम भारी दिसतं, काचेपेक्षा हलकं, पडलं तर फुटत नाही, सगळं खरं, पण बाक आला की आला. पोकळ पॉलीकार्बोनेट शीट, ती शेडवर टाकतात ती, चालते, ती कटरने घरी कापता येते आणि फारशी वाकत नाही, पण आरपार दिसत नाही आणि त्या नळ्यांमध्ये शेवाळ होतं. मी ती फक्त मागच्या पट्टीसाठी वापरतो, ते पुढे येईलच.

जाडी किती घ्यायची. २ फुटी टँकला ४ एमएम पुरते. ३ फुटी टँकलाही ४ एमएम चालते जर मधे काचेची आडवी पट्टी असेल आणि तुम्ही तुकडे करणार असाल, नाहीतर ५ घ्या. फोटोफ्रेमवाल्याकडची पातळ काच घेऊ नका, एक कोपरा जरा जोरात टेकला की तडा. उलट काही लोक सेफ्टी म्हणून ८ एमएम घेतात, ते कशाला? काचेचं वजन सोपं आहे, १ मिलीमीटर जाडीच्या १ स्क्वेअर मीटर काचेचं वजन अडीच किलो. म्हणजे ४ एमएमचा एक स्क्वेअर फूट साधारण ९३० ग्रॅम, ५ एमएमचा ११६० ग्रॅम, आणि ८ एमएमचा जवळपास १८६० ग्रॅम. एका हाताने उघडायचंय, लक्षात आहे ना. अपवाद अरोवाना, मोठा ऑस्कर, स्नेकहेड. हे मासे झाकण ढकलतात, तिथे वजन आपल्या बाजूचं आहे, जाड काच घ्या किंवा वर क्लॅम्प लावा.

आता माप, आणि इथे घाई करू नका. आधी बघा टँक कसला आहे. वरून आतल्या बाजूने काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतील तर सगळ्यात उत्तम, झाकण त्या पट्ट्यांवर बसेल, काही वेगळं करायला नको. प्लॅस्टिकची फ्रेम असेल तर तिच्या आत बहुतेक वेळा एक खाच असते, तिथे काच बसते. आणि काहीच नसेल, नुसत्या चार काचा उभ्या, तर क्लिपा लागतील. एकच गोष्ट करायची नाही, ती म्हणजे टँकच्या बाहेरच्या मापाची काच कापून वर सपाट ठेवून देणं. काचेच्या खालच्या बाजूला वाफेचं पाणी जमतं, ते कडेपर्यंत सरकत येतं, दोन काचांच्या मधल्या बारीक फटीत शिरतं आणि बाहेरून खाली उतरतं. टँक लीक झाला म्हणून लोक घाबरतात ते बऱ्याचदा हेच असतं, आणि खालचा प्लायवूडचा स्टँड फुगतो तो वेगळाच. झाकण आत बसलं पाहिजे, म्हणजे ठिबकलेलं पाणी परत टँकमध्येच पडतं.

म्हणून माप आतलं घ्यायचं. लांबी पुढे, मधे, मागे अशी तीन ठिकाणी, रुंदी डावीकडे, मधे, उजवीकडे. हाताने बनवलेला टँक कधीच शंभर टक्के काटकोनात नसतो, दोन-तीन एमएमचा फरक सहज निघतो. सगळ्यात लहान आकडा धरायचा आणि त्यातून प्रत्येक बाजूला ३ एमएम सोडायचे. कोपऱ्यात सिलिकॉनचा गोळा असतो तो विसरू नका, काचेचा टोकदार कोपरा त्याच्यावरच अडतो, त्यामुळे चारही कोपरे थोडे मारून घ्यायचे. आणि मग, आकड्यांवर पूर्ण विश्वास न ठेवता, कुठल्यातरी ऑनलाईन पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापाने कापायचा आणि टँकवर बसवून बघायचा. पुठ्ठा अलगद बसला, उचलताना कुठे घासला नाही, वायरी पाइप कुठून जातायत ते त्याच्यावर पेनने आखलं, की तोच पुठ्ठा घेऊन दुकानात जायचं. काचवाल्याला आकडे सांगण्यापेक्षा पुठ्ठा दाखवलेला केव्हाही बरा.

एक उदाहरण करून दाखवतो. टँक बाहेरून २४ बाय १२ इंच, काच ५ एमएम, वर पट्टी नाही. आतलं माप आलं साधारण ५९९ बाय २९४ एमएम. सगळ्या बाजूंनी ३ सोडले की ५९३ बाय २८८. आता या २८८ चे तीन भाग करायचे. मागचे ४० एमएम काच नाहीच, तिथे पॉलीकार्बोनेटची पट्टी, कारण फिल्टरचा पाइप, हीटरची वायर, हवेची नळी सगळं मागूनच येतं आणि पट्टीला कटरने पाहिजे तशा खाचा पाडता येतात, उद्या फिल्टर बदलला तर नवीन पट्टी कापायची, बास. मग १५० एमएमची काच जी कायम जागेवर राहील. मग ३ एमएमची फट, बिजागरीसाठी. आणि पुढे ९५ एमएमची काच, जी रोज उघडायची. ४० अधिक १५० अधिक ३ अधिक ९५, बरोबर २८८. काच ४ एमएम घेतली तर पुढच्या तुकड्याचं वजन साधारण ५६० ग्रॅम, शाळेतलं पोरगंही उचलेल.

दुकानात माप एमएममध्येच सांगा. जुने कारागीर इंच आणि सूत बोलतात, एका इंचाचे ८ सूत, म्हणजे ५९३ एमएम म्हणजे २३ इंच ३ सूत, पण एक सूत तीन एमएमपेक्षा थोडा जास्तच असतो आणि आपण कडेला सोडलेली सगळी जागा तीन एमएमच आहे, तेव्हा सुतात बोलून गंमत जायला नको.

खाचेबद्दल. पाइपसाठी काचेत चौकोनी एल आकाराची खाच पाडून द्या, असं बरेच जण सांगतात. साध्या काचेत आतला कोपरा एकदम काटकोनात कापला की सगळा ताण त्या टोकावर येतो आणि कधीतरी तिथूनच तडा जातो, तिथे आधी ड्रिलने गोल भोक पाडून मग कापावं लागतं आणि ते सगळे काचवाले करून देत नाहीत. त्यापेक्षा कोपरा तिरका मारून घ्या, त्रिकोणी, ते कोणीही दोन मिनिटांत करून देतो आणि एका वायरीला आणि नळीला तेवढी जागा पुरते. ज्यांच्या टँकला वरच्या पट्ट्या आहेत त्यांनी तर हेच करावं.

काच कुठून घ्यायची? आधी घराजवळचा ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडक्यावाला बघा, प्रत्येक एरियात असतो. त्याच्याकडे ४ आणि ५ एमएमचे कटपीस भिंतीला टेकवून पडलेले असतात आणि आपल्याला लागतात त्याच मापाच्या पट्ट्या त्याच्यासाठी उरलेला माल असतो. पूर्ण काच विकणारा दुकानदार स्क्वेअर फुटावर भाव लावतो आणि माप बरेचदा वरच्या तीन किंवा सहा इंचांना राऊंड करतो, म्हणजे तुमची चार इंचाची पट्टी बिलात सहा इंचांची होते, हे आधी विचारून घ्या म्हणजे नंतर वाद नको. गावात जायचंच असेल तर भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला प्लायवूड, काच, हार्डवेअर एकाच फेरीत होतं, आणि सिलिकॉनची गन, नॉब, मास्किंग टेप असल्या बारीकसारीक गोष्टी रविवार पेठेत बोहरी आळीत.

दुकानदाराला सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. साधी पांढरी काच, टफन (तापवून कडक केलेली) नको, टिंटेड (रंगीत) नको. कडा मशीनवर घासून पाहिजेत, चारही बाजू, कोपरे मारून. ही घासाई टाळू नका, रोज ओल्या हाताने धरायची काच आहे, कोरी कड ब्लेडसारखी कापते. आणि काच घेतल्यावर तिथेच पुठ्ठ्यावर ठेवून बघा, घरी आल्यावर नाही.

नेताना काच कधीच आडवी धरायची नाही, उभी, कडेवर. रद्दीत गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून टेप मारून घ्या. दुचाकीवर पुढे पायापाशी ठेवून एकट्याने आणायचा उद्योग करू नका, पुण्यातले स्पीडब्रेकर काही मोजून मापून बांधलेले नाहीत. मागे कोणीतरी बसवा किंवा सरळ रिक्षा करा.

जुनी काच वापरायची असेल तर ती पण पुष्कळ मिळते. हल्ली सगळीकडे जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला जातायत, त्यांच्या स्लायडिंग खिडक्यांच्या काचा भंगारवाल्याकडे येतात, आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही काय हाताला लागेल सांगता येत नाही. माझ्या आवडीचा माल म्हणजे जुन्या बाथरूमच्या खिडकीच्या त्या आडव्या तिरक्या पट्ट्या. रुंदी चार ते सहा इंच, कडा आधीच घासलेल्या, लांबीत कापली की पुढचं झाकण तयार. बऱ्याचदा खडबडीत डिझाइनची असते, झाडं लावलेला टँक असेल तर लाईट थोडा कमी होतो, नाहीतर काही बिघडत नाही. पण एक काळजी, टफन काच कापता येत नाही. कापायला गेलात की अख्खीचे बारीक खडे होतात. फ्रिजचे काचेचे शेल्फ, शॉवरची पार्टिशन, गाडीच्या दाराची काच, हे सगळं सहसा टफन. कोपऱ्यात बारीक छाप असतो तो बघा, किंवा पोलराइज्ड गॉगल घालून काचेत आकाशाचं प्रतिबिंब बघा, टफन असेल तर डाग डाग किंवा पट्टे दिसतात. फ्रिजचं शेल्फ माप जुळलं तर जसंच्या तसं वापरा, मस्त बसतं.

स्वतः कापायची हौस असेल तर सरळ रेघेपुरतीच ठेवा. टेबलावर जाड कापड, काच स्पिरिटने पुसलेली, कटरच्या चाकाला एक थेंब रॉकेल किंवा पातळ तेल, आणि पट्टी धरून एका दमात एकच रेघ. कर्रर्र असा एकसारखा आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवरून परत कटर फिरवायचा नाही, त्याने काच वेडीवाकडी तुटते आणि कटरचं चाकही जातं. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणून खाली दाब. हातात जाड ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा, पायात चप्पल नाही तर बूट. नंतर कड १२० नंबरच्या वॉटर पेपरने, मग २२० ने, आणि पाणी लावूनच घासायची म्हणजे काचेची पूड हवेत उडत नाही.

आता बिजागरी. बाहेरच्या देशात काचेच्या झाकणाला प्लॅस्टिकची तयार बिजागर पट्टी मिळते, इथे ती शोधत बसण्यापेक्षा सिलिकॉनचीच करायची. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा वास येणारा, ॲसेटिक प्रकारचा, पारदर्शक घ्या. बाथरूमसाठी बुरशीनाशक घातलेला येतो तो अजिबात नको, ते औषध माशांना चालत नाही. सपाट टेबलावर दोन्ही काचा समोरासमोर ठेवा, मधे ३ एमएम फट राहील असं काहीतरी सारख्या जाडीचं दोन टोकांना अडकवा, खालून मास्किंग टेप मारा. फटीपासून दोन्ही काचांवर एकेक सेंटीमीटर सोडून वरूनही टेपच्या दोन रेघा मारा. कडा स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. मग टोकाची अडकण काढून सिलिकॉनचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, आणि लगेच आइस्क्रीमच्या काडीने सपाट करून सिलिकॉन ओला असतानाच टेप सोलून काढा. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर हात लावला की सगळं फिसकटतं. दोन दिवस तसंच पडू दे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, तेव्हा उन्हात ठेवून काही घाई होत नाही, व्हिनेगरचा वास पूर्ण गेला की समजायचं झालं. उघडताना ९० अंशांपर्यंत उघडा, पूर्ण उलटी पाडली तर पट्टा ताणला जातो.

धरायला काय लावायचं? कापताना उरलेली इंचभर रुंद काचेची पट्टी कडा घासून त्याच सिलिकॉनने उभी चिकटवली की झाला हँडल, आणि तो कधी गंजत नाही. स्टीलचा म्हणून दिलेला ड्रॉवरचा नॉब बहुतेक वेळा निकेल चढवलेलं लोखंड असतं, दमट जागेत त्याला गंज येतो आणि गंजाचं पाणी टँकमध्ये. इन्स्टंट ग्लूने काही चिकटवू नका, वाफेत सुटतं. अजून एक जुगाड, अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात स्टिक फाईलची प्लॅस्टिकची पट्टी मिळते ती पुढच्या कडेवर सरकवायची, बोटाला पकड येते आणि काच टेकताना आवाज होत नाही. काचेचा उरलेला तुकडा सोबत न्या आणि घट्ट बसते का ते तिथेच बघा.

पट्टी नसलेल्या टँकला क्लिपा लागतात म्हटलं होतं. ॲक्रिलिकच्या किंवा स्टेनलेस तारेच्या येतात, टँकच्या काचेच्या जाडीप्रमाणे, ५ एमएमला ५ चीच घ्या. दोन डाव्या काचेला, दोन उजव्या, दोन पुढे. डाव्या-उजव्या क्लिपा कायमच्या १५० एमएमच्या तुकड्याखाली आल्या पाहिजेत, नाहीतर पुढचं उघडताना मागचंही उचललं जातं. टँक अजून रिकामा असेल तर क्लिपेऐवजी काचेचे इंचभर तुकडे आतून सिलिकॉनने चिकटवून कायमचं काम करता येतं, मासे असताना मात्र ते करू नका, काच कोरडी मिळत नाही आणि सिलिकॉन वाळताना सुटणारं ॲसिड पाण्यावर नको.

लाईट काचेच्या वर ठेवला की वाफेपासून वाचतो, एलईडीने काचेला काही होत नाही. स्वच्छ ४ एमएम काच ८-१० टक्के उजेड खाते, तेवढं झाडांना समजतही नाही, मळलेली काच कितीतरी जास्त खाते. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन वापरत असाल तर तो काचेला टेकवू नका, गरम काचेवर गार थेंब पडला की तडा ठरलेला. आणि सगळ्या वायरी बोर्डाकडे जाण्याआधी एकदा खाली लोंबकळू द्या, वायरीवरून पाणी आलंच तर त्या खालच्या टोकाला ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

साफसफाई आठवड्याला पाणी बदलताना. शेवाळ जुन्या ब्लेडने निघतं. पांढरे क्षाराचे डाग नुसतं घासून निघत नाहीत, लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून किंवा व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा, टँकवर नाही, बेसिनमध्ये. काच पुसायचा निळा स्प्रे टँकच्या आसपासही नको. बिजागरीच्या पट्ट्यावर ब्लेड लावू नका.

एप्रिल-मेमध्ये हेच झाकण अडचण होतं. बाहेर ३८-४० झालं की टँकचं पाणी ३० च्या वर जातं आणि तेव्हा आपल्याला बाष्पीभवन हवं असतं, तेच पाणी गार करतं. त्या दोन महिन्यांपुरती काच काढून खिडकीला मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून टँकच्या मापाची फायबर जाळीची हलकी फ्रेम करून घ्या, उडी मारणारा आत राहतो, पाल बाहेर राहते, आणि वरून छोटा फॅन लावला तर पाणी दोन-तीन डिग्री खाली येतं. वर पाणी मात्र जास्त घालावं लागेल, गुरुवारी पाणी बंद असणार असेल तर बुधवारी रात्री एक बादली भरून ठेवा. ही जाळी पावसाळ्यातही कामाला येते, मासे नसलेला टँक किंवा कमळाचा टब घरात असेल तर डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. मासे असलेल्या टँकमध्ये अळ्या टिकत नाहीत, गप्पी त्या संपवतात.

आणि काच ही काच आहे, कधीतरी फुटणार. दोन्ही तुकड्यांची मापं एमएममध्ये परमनंट मार्करने टँकच्या मागच्या काचेवर लिहून ठेवा आणि तो पुठ्ठा टाकून देऊ नका, स्टँडच्या मागे सरकवून ठेवा.